अब्जात एक चूक आणि मोताळ्याची कपाशी

गुलाबी बोंडअळी हुशार झाली, असे २०१७ च्या हंगामात विदर्भात गावोगावी ऐकू आले. मोताळ्यासारख्या कपाशीच्या तालुक्यात आजही तेच म्हटले जाते. हिरवे, टपोरे बोंड बाहेरून निरोगी दिसते. फोडले की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडून कवडी झालेली आणि मधोमध ती गुलाबी अळी. अळीला मारणाऱ्या विषाचे जनुक घातलेल्या बीटी बियाण्याच्या पाकिटाला पैसे मोजले ते अळी नको म्हणूनच. मग दोष कुणाचा? कोणी म्हणतो, कंपनीने फसवले. कोणी, विशेषतः चर्चासत्रात बसून, म्हणतो की शेतकऱ्याने नियम पाळले नाहीत. तिसरा हात वर करून सांगतो, निसर्गापुढे कुणाचे चालते? तिन्ही उत्तरांत थोडे थोडे खरे आहे, पण मुळाशी एकही जात नाही.

माझे म्हणणे असे आहे की अळीत आलेली प्रतिकारक्षमता हा अपघात नव्हता आणि निसर्गाचे कपटही नव्हते. पेशी आपल्या डीएनएची नक्कल कशी करते, त्या नकलेत किती चुका उरतात आणि उरलेल्या चुकांना आपण शेतात किती वाव देतो, या तीन गोष्टींचा तो सरळ हिशेब होता. हा हिशेब आधी मांडता येत होता. काही देशांनी तो मांडला आणि त्याप्रमाणे शेती केली. आपण कागदावर मांडला आणि शेतात सोडून दिला.

हे पटायचे तर आधी पेशीत डोकावायला हवे. जूनच्या चांगल्या पावसानंतर काळ्या मातीतली सरकी फुगते आणि तिचे मूळ बाहेर येते. या मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात. आपल्याकडे सर्रास लावल्या जाणाऱ्या अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२ गुणसूत्रे असतात, जुन्या देशी कपाशीच्या पेशीत २६. अमेरिकन कपाशीच्या एका पेशीतला डीएनए सुमारे ५०० कोटी अक्षरजोड्यांचा. सरळ ताणला तर दीड मीटरहून लांब भरेल, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. पेशी विभागण्याआधी या सगळ्याची एक पूर्ण प्रत तयार व्हावी लागते. तुकडा राहून गेला तर विभागणीच्या ओढाताणीत गुणसूत्र तुटते. तुकडा दोनदा उतरला तरी घोळ होतो. नक्कल पूर्ण हवी आणि एकदाच हवी.

जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची दुपेडी रचना मांडली, तेव्हाच नकलेची युक्ती त्यात दिसत होती. दोन धागे एकमेकांना पूरक असतात. एकावर ए असेल तिथे समोर टी, जी असेल तिथे सी. धागे वेगळे केले की प्रत्येक जुना धागा नव्याचा साचा होतो, आणि प्रत्येक प्रतीत एक धागा जुना, एक नवा राहतो. केंद्रक असलेल्या पेशींच्या गुणसूत्रांत हे खरोखर असेच घडते याचा पुरावा १९५७ मध्ये मिळाला, तोही एका शेतपिकाच्या मुळांतून. हर्बर्ट टेलर, फिलिप वूड्स आणि वॉल्टर ह्यूज यांनी बाकल्याच्या रोपांची मुळे किरणोत्सारी थायमिडीनमध्ये ठेवली. पुढच्या विभाजनात जुळ्या गुणसूत्रांच्या दोन्ही भागांत किरणोत्सार सापडला. साधे थायमिडीन देऊन आणखी एक विभाजन होऊ दिले, तेव्हा तो जोडीतल्या एकाच भागात उरला. जुना धागा जपला जातो आणि नवा शेजारी घडतो, हे छायाचित्रणाच्या फिल्मवर काळ्या ठिपक्यांत उमटले. पुढच्या वर्षी मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी जिवाणूंत हेच सिद्ध केले.

मात्र जिवाणू आणि कपाशी यांच्या नकलेत मोठा फरक आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय जिवाणू सुमारे ४६ लाख अक्षरे एकाच ठिकाणाहून सुरुवात करून, सेकंदाला हजारेक अक्षरांच्या वेगाने, पाऊण तासाच्या आत उतरवतो. केंद्रक असलेल्या पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गुंडाळ्यांवर आवळलेला असतो. गुंडाळी सोडायची, उतरवायचे, पुन्हा गुंडाळायचे. त्यामुळे वेग सेकंदाला काही डझन अक्षरांवर येतो, वनस्पतींत त्याहूनही कमी. उदार हाताने दर बाजूला ५० अक्षरे धरू. कपाशीचे गुणसूत्र सरासरी दहाएक कोटी अक्षरांचे. एकाच ठिकाणाहून दोन्ही दिशांना काम सुरू केले तर साडेअकरा दिवस लागतील. प्रत्यक्षात मुळाच्या टोकाशी हे काम काही तासांत आटोपते, कारण प्रत्येक गुणसूत्रावर ते असंख्य ठिकाणी एकदम सुरू होते. माणसाच्या एका पेशीत अशी आरंभस्थाने ३० ते ५० हजार असतात.

इतक्या ठिकाणी काम सुरू झाल्यावर एकही जागा दोनदा सुरू होऊ नये हे कोण पाहते? उत्तराची पहिली खूण १९७० मध्ये मिळाली. आंध्रातून अमेरिकेत गेलेले पोटू राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी निरनिराळ्या अवस्थांतल्या मानवी पेशी एकमेकींत मिसळल्या. नक्कल चालू असलेल्या पेशीशी जोडताच, नकलेची वाट पाहणाऱ्या केंद्रकाने लगेच काम सुरू केले. ज्या केंद्रकाची नक्कल आधीच झाली होती ते मात्र ढिम्म राहिले. म्हणजे आवतण सगळ्यांना मिळाले, पण एकदा काम झालेल्याला दुसऱ्यांदा परवानगी नव्हती. ज्युलियन ब्लो आणि रोनाल्ड लास्की यांनी १९८८ मध्ये या परवानगीला रीतसर परवान्याची कल्पना जोडली. पुढे त्यातली प्रथिने सापडत गेली. ओआरसी हा प्रथिनसमूह आरंभस्थान ओळखतो. त्याच्या मदतीने एमसीएम नावाची कडी जोडीजोडीने डीएनएवर चढवली जाते. हे चढवणे विभाजनानंतरच्या शांत अवस्थेतच होते. नक्कल सुरू करणारे संकेत मिळाले की त्याच संकेतांनी नव्या कड्या चढवणे बंद पडते. सुरुवात करणारा संकेत आणि पुन्हा सुरुवात रोखणारा संकेत एकच असल्याने गफलतीला जागा फार थोडी राहते. पेशीचक्र चालवणाऱ्या या संकेतांच्या शोधासाठी लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चे नोबेल मिळाले.

दुसरी अडचण धाग्यांच्या दिशेची. डीएनएचे दोन धागे उलट दिशांनी धावतात आणि नक्कल करणारे विकर एकाच दिशेने लिहू शकते. म्हणून एक नवा धागा सलग लिहिला जातो, तर दुसरा मागे मागे येत तुकड्यांनी. हे तुकडे जपानच्या रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६० च्या दशकात दाखवले. केंद्रक असलेल्या पेशीत प्रत्येक तुकडा जेमतेम १०० ते २०० अक्षरांचा असतो. कपाशीच्या एका पेशीला दर विभाजनापूर्वी असे कोट्यवधी तुकडे लिहून सांधावे लागतात.

आता मुद्द्याची गोष्ट, अचूकतेची. विकर अक्षर निवडताना साधारण लाखात एखादी चूक करते. तेच विकर चुकीचे अक्षर बसल्याचे जाणवताच मागे सरून ते काढते. त्यामुळे चूक कोटीत एखाद्यावर येते. यातूनही निसटलेल्या चुका तिसरी, स्वतंत्र यंत्रणा शोधते, आणि शेवटी अब्जात एक किंवा त्याहून कमी चुका उरतात. या तिसऱ्या यंत्रणेचे काम उलगडणारे पॉल मॉड्रिक २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. तिच्यापुढचा पेच मराठी वाचकाला अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. दोन पोथ्यांतले पाठ जुळत नाहीत हे कुणालाही दिसते; त्यांतला मूळ कोणता, हे ठरवणे अवघड. पेशीलाही ए समोर सी दिसतो तेव्हा दोघांपैकी चुकीचे कोण, हे अक्षरांवरून कळत नाही. नव्या धाग्यात अजून न सांधलेल्या फटी असतात, त्यांवरून ती नवा धागा ओळखते आणि दुरुस्ती त्याच्यातच करते. जुना धागा प्रमाण.

तीन पहारे ओलांडून उरलेली अब्जात एक चूक नगण्य वाटते. पण ५०० कोटी अक्षरांच्या पेशीत तिचा अर्थ दर विभाजनाला एखाददुसरी ते चार-पाच चुका असा होतो. ती शून्यावर आणणारी पेशी आजवर सापडलेली नाही. अक्षरांचे रेणू क्षणभर रूप पालटतात आणि चुकीची जोडी बरोबर भासते. हा रसायनशास्त्राचा स्वभाव आहे. शिवाय पहारा वाढवायचा तर वेळ आणि ऊर्जा खर्ची पडते. आणि चूक शून्य झाली असती तर देशी कपाशी आणि अमेरिकन कपाशी हा भेदही जन्मला नसता. कपाशीच्या सगळ्या जाती, तिच्यावरच्या सगळ्या किडी, आणि आपण, हे सगळे जुन्या नकलांत टिकून राहिलेले बदलच.

कपाशीच्या मुळात जी यंत्रणा आहे तीच मूलतः बोंडअळीच्या पेशीत आहे. यीस्टपासून माणसापर्यंत तिचे भाग ओळखू येतात. फुलपाखरांच्या एका जातीत २०१५ मध्ये केलेल्या मोजणीत एका पिढीला, दर अक्षराला, सुमारे अब्जात तीन इतका बदलाचा दर आढळला. बोंडअळीसाठी तोच धरू. बीटी कपाशीतले क्राय१एसी हे विष अळीच्या आतड्यात कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. कॅडहेरिनचे जनुक बिघडले की विषाला चिकटायला जागा उरत नाही. भारतातल्या प्रतिकारक्षम बोंडअळ्यांत याच जनुकात बिघाड आढळले आहेत. जनुकाचा प्रथिन लिहिणारा भाग सुमारे पाच हजार अक्षरांचा. म्हणजे एका पिढीत या जनुकाच्या साधारण ६५ हजार प्रतींमागे एकीत नवा बदल. आता समजा, लाखभर एकर कपाशी आहे आणि दर एकरी हजार पतंग निपजतात. पतंग दहा कोटी, जनुकाच्या प्रती वीस कोटी, नवे बदल तीन हजार. यातले बहुतेक निरुपद्रवी. पण विसांतला एक जरी प्रथिन मोडणारा निघाला तरी एका पिढीत दीडशे. वर्षाला पिढ्या चार-पाच. गृहीत आकडे हवे तसे बदला. उत्तर शून्य येत नाही.

आणि हे सगळे बीटीच्या आधीही चालूच होते. विषाने बदल घडवला नाही. साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्र्युक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंवर प्रयोग करून दाखवले की तगवणारे बदल संकट येण्याआधीच झालेले असतात. संकट फक्त त्यांना निवडते. बोंडअळी काही शिकली नाही. गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये केले ते भडोचच्या नमुन्यांवरून. म्हणजे ती आपल्या भागाची जुनी रहिवासी. एवढ्या मोठ्या, एवढ्या जुन्या थव्यात बिघडलेले जनुक सापडणारच. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा प्रश्न प्रतिकार येईल का, हा नव्हता. तो किती हंगामांत पसरेल, हा होता.

पसरण्याचा वेग मात्र माणसाच्या हातात होता. हा बिघाड अप्रकट असतो: आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच अळी विषातून वाचते. एक प्रत चांगली असली तरी ती मरते. म्हणून वाचलेल्या विरळ पतंगाला साध्या पतंगांच्या गर्दीत जोडीदार मिळेल अशी व्यवस्था केली, तर त्यांची पिल्ले एक चांगली, एक बिघडलेली प्रत घेऊन जन्मतील आणि बीटी बोंडात मरतील. साध्या पतंगांची ही गर्दी निपजण्यासाठी बिगर-बीटी कपाशीचा पट्टा हवा. यालाच आश्रयपट्टा म्हणतात. नियम होता: क्षेत्राच्या वीस टक्के किंवा सभोवती किमान पाच ओळी, यांतले जे जास्त असेल ते. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटीचे १२० ग्रॅमचे पाकीट दिले जाई. ते बहुतेक ठिकाणी लागलेच नाही.

इथे शेतकऱ्याकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि मला ते मान्य नाही. दोन-तीन एकरवाल्याने पाच ओळी अळीला वाढून द्यायच्या. त्याचे नुकसान याच हंगामात, त्याच्याच बांधाच्या आत. फायदा दहा वर्षांनी आणि सगळ्या जिल्ह्याला. शेजाऱ्याने पट्टा लावला नाही तर आपला वायाच. असा नियम पाळला जावा म्हणून पट्ट्याच्या नुकसानीची भरपाई, गावपातळीवरची आखणी किंवा बियाण्याच्या पाकिटातच बिगर-बीटीची मिसळण, यांपैकी काहीतरी पहिल्या दिवसापासून हवे होते. मिसळीचा मार्ग आपल्याकडे आला, पण तोवर गुलाबी अळी हातची गेली होती. ज्या नियमाचा खर्च एकट्यावर आणि लाभ सर्वांना, तो पाळला जाणार नाही हे सांगायला जीवशास्त्रही लागत नाही.

हिशेब बरोबर असल्याची साक्ष मोताळ्याच्याच रानात उभी आहे. बीटी मुख्यतः ज्या अमेरिकन बोंडअळीसाठी आले, ती हिरवी अळी आपल्याकडच्या बीटीपुढे बऱ्याच अंशी नमलेली राहिली. तिचे पोट फक्त कपाशीवर चालत नाही. ती तुरीच्या शेंगा खाते, हरभऱ्याच्या घाट्यांत शिरते, मक्यावर जाते. कपाशीच्या शेजारी उभी असलेली तूर तिच्यासाठी न सांगता झालेला आश्रयपट्टा ठरली. तिथे विष न चाखलेले पतंग दरसाल निपजत राहिले. गुलाबी अळीचे जग जवळपास पूर्णपणे कपाशीपुरते. देशात नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाल्यावर तिला साधे खाद्य उरलेच नाही. बीटी एकच, काळ एकच, रान एकच, निकाल दोन. फरक आश्रयाचा.

आता एक गोष्ट जी चर्चेत फार कमी येते आणि जी मला सर्वांत निर्णायक वाटते. भारतात बीटी जनुक सरळ वाणांत नव्हे, संकरित बियाण्यांत विकले गेले. संकरित कपाशीची परंपरा आपली स्वतःची; सुरतला सी. टी. पटेल यांनी विकसित केलेला एच-४ हा १९७० चा पहिला व्यापारी संकर. संकराचे बी पुढच्या वर्षी ठेवता येत नाही, म्हणून कंपनीला दरसाल गिऱ्हाईक मिळते. जगात बहुतेक देश कपाशी सरळ वाणाचीच लावतात. संकरात बीटी जनुक सहसा एकाच जनकाकडून येते, म्हणजे झाडाच्या पेशीत त्याची एकच प्रत. फूल येताना झाड पुनरुत्पादक पेशी बनवते तेव्हा डीएनएची नक्कल एकदा होते आणि विभाजन दोनदा. त्यामुळे निम्म्या परागकणांत आणि निम्म्या बीजांडांत बीटी जनुक असते, निम्म्यांत नसते. अशा झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी. एका जनुकाचा संकर असेल तर चौथा हिस्सा सरकी बीटीविना. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या बियाण्यात सोळांतली एक सरकी पूर्ण निर्विष, सहांत केवळ एक विष, उरलेल्या नवांत दोन्ही.

गुलाबी अळीचे खाद्य हीच सरकी. एकाच बोंडात ती एका सरकीतून दुसरीत जाते: इथे निर्विष घास, तिथे एक विष, पुढे दोन्ही. जिच्यात एकच प्रत बिघडलेली आहे अशा अळीला इथे तगून राहण्याची संधी मिळते, जी पूर्ण बीटी असलेल्या सरळ वाणाच्या बोंडात मिळाली नसती. दोन जनुकांचा हेतूच हा होता की एका विषातून वाचलेली अळी दुसऱ्याने मरावी. एकेक विष वेगवेगळ्या सरकीत वाटले गेल्यावर तो पहारा पुष्कळ ढिला पडला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले केशव क्रांती यांनी हा मुद्दा वारंवार मांडला आहे. पुनरुत्पादक पेशींतली नक्कल आणि वाटणी कॉलेजच्या पुस्तकात आहे. ती बियाणे मंजूर करणाऱ्या टेबलावर निर्णायक का ठरली नाही, याचे उत्तर मागायला हवे.

यावर आपल्या हंगामाने भर घातली. संकरित कपाशी उशिरा संपते. विहिरीला किंवा नळगंगेच्या कालव्याला पाणी असेल तर मोताळ्यात फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावरही कपाशी उभी ठेवण्याचा, मोह साहजिक आहे. आणखी दोन वेचण्यांचा पैसा कुणाला नको? पण गुलाबी अळीची एक पिढी महिन्याभरात पुरी होते. कपाशी दोन महिने जास्त उभी राहिली तर दोन पिढ्या जास्त, दोनदा जास्त नक्कल, दोनदा जास्त निवड. त्यातही उशिराच्या बोंडांत विषाची मात्रा उतरलेली असते. शेवटच्या पिढीची अळी सरकीत, पऱ्हाटीच्या ढिगात आणि जिनिंगच्या आवारात सुप्त राहते आणि पुढच्या हंगामाची वाट पाहते.

अॅरिझोनात याच अळीशी याच जनुकाची लढत झाली. तिथे १९९६ पासून बीटी कपाशीसोबत आश्रयपट्टा सक्तीने लावला गेला आणि दहा वर्षे प्रतिकार वाढला नाही. २००६ पासून किरणोत्साराने वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानातून सोडले गेले. वाचलेल्या पतंगाला जोडीदार मिळे, पण वंश चालत नसे. हंगामानंतर रान नांगरून काढणे होतेच. २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कपाशीच्या प्रदेशातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. चीनमध्ये यांग्त्सी नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी बीटी आणि बिगर-बीटी यांच्या संकराच्या पुढच्या पिढीचे बी पेरले. त्यामुळे शेतात चौथा हिस्सा झाडे पूर्णतः बिगर-बीटी उभी राहिली आणि अळीतला वाढू लागलेला प्रतिकार पुन्हा उतरला. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच साली आपल्याकडे बोंडे सडत होती. एकाच वाटणीच्या नियमाने तिथे तारले आणि इथे मारले, कारण तिथे अख्खे झाड साधे होते आणि इथे एका बोंडातल्या काही सरक्या.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: जनुकबदल केलेले बियाणेच मुळात चुकीचे, ते आले नसते तर हे झालेच नसते. पण फवारणीचीही हीच गत होते. औषध फवाऱ्यातले असो वा बोंडातले, थव्यात आधीच असलेले बिघाड तेच निवडते. बीटीपूर्वी अमेरिकन बोंडअळीने एकामागून एक कीटकनाशके निष्प्रभ केली ती याच वाटेने. अॅरिझोनाने त्याच बीटीच्या आधारे अळी संपवली, म्हणून साधनाला शिव्या देऊन भागत नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: नवे जनुक येऊ द्या, प्रश्न सुटेल. सुटेल, काही वर्षे. नव्या विषालाही अळीच्या पेशीत कुठेतरी चिकटायचे असते आणि ते ठिकाण लिहिणाऱ्या जनुकाचीही दर पिढीत नक्कल होतेच. तेच संकर, तीच फरदड आणि तोच न लागणारा पट्टा असेल तर फक्त उलटी गणती नव्याने सुरू होईल.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कपाशीचे कमी दिवसांचे सरळ वाण, ज्यांत बीटी जनुकाच्या दोन्ही प्रती असतील, अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची संस्था यांच्याकडून पुरेशा प्रमाणात गावापर्यंत यावेत. त्यांचे बी शेतकऱ्याला ठेवता येते हा आणखी एक फायदा. आश्रयाची मिसळण पाकिटातच असावी आणि ती तपासली जावी. कृषी विभाग १ जूनपूर्वी कपाशी लावू नका असे सांगतो, तितक्याच ठामपणे वर्षअखेरीस रान मोकळे करण्याचे सांगावे, आणि फरदड सोडणाऱ्याचे नुकसान भरून देण्याची सोय करावी. जिनिंगच्या आवारातले कामगंध सापळे केवळ फोटोपुरते नसावेत. यातले काही गावाने एकत्र ठरवले तर आजही होऊ शकते. एकट्याने पऱ्हाटी उपटून उपयोग नाही, शिवाराने उपटली तर आहे.

कोणत्याही नव्या बियाण्याला परवानगी देताना एक कागद जाहीर व्हावा, अशी माझी अपेक्षा आहे: अळीत प्रतिकार किती हंगामांत येईल असे गृहीत धरले आहे, तो लांबवण्यासाठी काय केले जाईल, त्याचा खर्च कोण सोसेल आणि मोजणी कोण करील. अब्जात एक चूक होणारच. तिच्यासाठी मोताळ्याच्या शेतकऱ्याने एकट्याने किंमत मोजावी, हे मात्र कुठल्याही जीवशास्त्रात लिहिलेले नाही. तो माणसांनी घेतलेला निर्णय आहे आणि माणसांनीच तो बदलला पाहिजे.